सोमवारची निळी गोळी

कर्जत-खालापूर भागात मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. ठाकूरवाड्या, कातकरीवाड्या आणि खोपोलीच्या कामगार वस्तीतल्या मुली वर्गात असतात. त्यांच्याकडे बघत जे कळत गेलं, ते हे.

१. मागच्या बाकावर पेंगणाऱ्या मुलीला आधी विचारावं, सकाळपासून काय खाल्लंस? वाडीवरची मुलगी पहाटे उठून पाणी भरते, धाकट्यांचं आवरते आणि कोरा चहा पिऊन डोंगर उतरते. गणिताच्या तिसऱ्या पायरीला पहिली पायरी तिच्या डोक्यातून गेलेली असते. तिला आळशी म्हणणं अन्याय आहे. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर शरीराला प्राणवायू कमी पोचतो. मेंदूत लक्ष आणि स्मरण सांभाळणारी रसायनं तयार व्हायलाही लोह लागतं.

२. खालची पापणी ओढून बघावी, नखं बघावीत आणि ओच्यातही डोकवावं. मुठीत कच्चे तांदूळ घेऊन चघळत बसणारी, पाटीची पेन्सिल खाणारी मुलगी दिसली की ओरडू नये. लोह कमी पडलं की असं खावंसं वाटतं. तिचं रक्त तपासून घ्यावं.

३. बारा वर्षांपुढच्या मुलीचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59.1 टक्के मुली यात निघाल्या. आकडा 12 च्या वर असला तरी लोहाचा साठा रिकामा असू शकतो. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये अशाच, रक्तक्षय नसलेल्या पण लोह कमी असलेल्या मुलींना आठ आठवडे लोह दिलं, तेव्हा ऐकलेले शब्द लक्षात ठेवण्यात त्या पुढे गेल्या. 1996 सालचा हा अभ्यास आहे. आपल्या महाराष्ट्रातही शाळकरी मुलांना सहा महिने जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी दिल्यावर त्यांचं लक्ष आणि स्मरण सुधारलेलं दिसलं. निकालपत्रकाशेजारी रक्ताचा आकडा लिहिला जावा, असं मला मनापासून वाटतं.

४. दर सोमवारी शाळेत लोहाची निळी गोळी देतात. ती वाटली म्हणजे पोटात गेली असं नाही. "बाई, मळमळतं," म्हणत मुली ती दप्तरात टाकतात, कुंपणापलीकडेही फेकतात. खिचडी खाऊन झाल्यावरच द्यावी आणि आपण स्वतः त्यांच्यासमोर घ्यावी. शौचाला काळं होईल, घाबरू नका, हे आधीच सांगावं. नाहीतर एक मुलगी घाबरते आणि दुपारपर्यंत सगळा वर्ग गोळीला नाही म्हणतो.

आणखी एक गोष्ट पालकांनाच काय, शिक्षकांनाही ठाऊक नसते. आठवड्याची ही गोळी रक्तक्षय होऊ नये म्हणून आहे. ज्या मुलीचं रक्त आधीच कमी आहे तिला ती पुरत नाही. तिला डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज गोळ्या लागतात, तेही तीन महिने. आकडा 8 च्या खाली असेल तर थेट रुग्णालयच गाठावं. नियमाने गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर सिकलसेलची तपासणी मागून घ्यावी. आदिवासी वाड्यांत हे विसरून चालत नाही.

५. पाळीत किती रक्त जातं, हे मुलगी आपणहून सांगत नाही. बाईंनी एकटीला बाजूला घेऊन विचारायचं.

६. आपल्याकडचं जेवण म्हणजे भाताचा डोंगर आणि त्यावर पातळ आमटी. त्यात लोह किती असणार? पावसाळ्यात टाकळा, कुरडू फुकट मिळतात, शेवग्याचा पाला बाराही महिने असतो. भाजीवर लिंबू पिळलं तर त्यातलं लोह अंगी लागतं. सुकट, जवळा यांतलं त्याहून सहज लागतं. चहा मात्र जेवणाला लागून नको, तो लोह अडवतो. आयांना हे पटतं. अडतं ते घरात शेवटी जेवायला कोण बसतं, यावर. मुलीच्या ताटात सुकट आधी वाढा ताई, हे मी प्रत्येक पालकसभेत सांगते.

७. अनवाणी फिरणाऱ्या पोरींच्या तळव्यांतून आकडीजंत शिरतात आणि आतड्यात रक्त पितात. म्हणून जंताची गोळी आणि पायात चप्पल, दोन्ही हवं.

८. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि मुलीची गोळी तिथेच तुटते. निघण्याआधी आशाताईंना सांगून पुढच्या महिन्यांच्या गोळ्या आईच्या हाती द्याव्यात. भट्टी कुठल्या गावी आहे ते विचारून तिथल्या आरोग्य केंद्राला कळवावं. पावसाच्या तोंडावर ही माणसं परततात. जूनमध्ये शाळा भरली की या मुलींचं रक्त पहिल्याच आठवड्यात तपासावं, चाचणी परीक्षा मग घ्यावी.