माळावरची दोन अभयारण्ये

अभयारण्य हा शब्द कानी पडताच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे घनदाट झाडी, खळखळ वाहणारे ओढे आणि ओल्या मातीत उमटलेली वाघाची पावले उभी राहतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरीचे अभयारण्य पाहावयास जाणाऱ्याने ही कल्पना घरीच ठेवलेली बरी. (या जिल्ह्याचे पूर्वीचे नाव अहमदनगर, ते २०२४ साली बदलले.) रेहेकुरी हे गाव कर्जत तालुक्यात आहे. सह्याद्रीने अडविलेल्या पावसाचे जे काही थेंब उरतात, तेवढेच या मुलखाच्या वाट्याला येतात. त्यामुळे येथे उंच वृक्ष नाहीत. थोड्या चढउताराचे माळरान, त्यावर गुडघाभर वाढलेले कुसळी गवत आणि मधूनमधून हिवर, बाभूळ व बोरीची झुडपे, एवढाच काय तो या अरण्याचा थाट!

तथापि सूर्य उगवण्याच्या वेळी या माळाकडे पाहत स्वस्थ उभे राहावे. पिवळ्या गवतातून प्रथम दोन पिळदार शिंगे वर येतात. मग काळीभोर पाठ आणि पांढरेशुभ्र पोट दिसते. हा काळवीट. त्याच्या मागे फिकट तपकिरी रंगाच्या, बिनशिंगी माद्यांचा कळप चरत असतो. संस्कृत कवी याला कृष्णसार म्हणत. चाहूल लागताच कळपातील एखादी मादी उंच उडी घेते, तिच्यामागून दुसरी, तिसरी. आणि पाहता पाहता सारा कळप वाऱ्यासारखा दूर निघून जातो. ताशी ८० किलोमीटरपर्यंत वेग घेणारा हा प्राणी आहे. लपण्यासाठी त्याला झाडी नको असते. शत्रू दुरून दिसावा आणि धावण्यास वाट मोकळी असावी, हेच त्याचे संरक्षण होय. ज्या चित्त्याला चुकविण्यासाठी त्याने हा वेग कमावला, तो चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले.

एके काळी दख्खनच्या माळांवर काळविटांचे मोठमोठे कळप हिंडत असत. राजेरजवाडे पाळीव चित्त्यांकरवी त्यांची शिकार करवीत. पुढे बंदुका आल्या, मोटारगाड्या आल्या, आणि नांगराखाली माळही येऊ लागला. कळप झपाट्याने ओसरले. रेहेकुरीच्या माळावर जेव्हा थोडेसेच काळवीट उरले होते, तेव्हा महाराष्ट्र शासनाने १९८० साली तेथे अभयारण्य जाहीर केले. त्याचे क्षेत्र आहे अवघे २.१७ चौरस किलोमीटर. हे क्षेत्र चौकोनी आहे असे मानले, तर त्याची एक बाजू दीड किलोमीटरसुद्धा भरत नाही. एवढ्याशा जागेत काळवीट टिकले, वाढले आणि त्यांची संख्या शेकड्यांवर गेली.

केवळ ‘येथे अभयारण्य आहे’ अशी पाटी लावल्याने हे घडले काय? शासन एखादी जागा कशी राखते, हे थोडे पाहू.

प्राण्यांना अभय देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. सम्राट अशोकाने अमुक पशुपक्षी मारू नयेत, असे स्तंभावर कोरून ठेवले होते. सह्याद्रीतील गावांनी देवाच्या नावाने देवराया राखल्या. परंतु आज ज्या आधारावर अभयारण्ये उभी आहेत, तो आधार म्हणजे भारताच्या संसदेने केलेला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२. या अधिनियमाप्रमाणे एखादे क्षेत्र अभयारण्य करावे, असे राज्य शासनास वाटले, तर ते प्रथम तशी अधिसूचना काढते. म्हणजे आपला इरादा आणि त्या क्षेत्राच्या सीमा सर्वांस कळविते. त्यानंतर जिल्हाधिकारी चौकशी करतात. त्या जमिनीत कोणाची शेती आहे, कोणाची गुरे तेथे चरतात, कोणाची वाट तेथून जाते, कोण तेथले पाणी भरते, हे सारे हक्क ऐकून घेतले जातात व त्यांचा निवाडा होतो. चौकशी चालू असताना तेथील जमिनीत वारसाहक्काखेरीज नवा हक्क कोणासही मिळत नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे. निवाड्यानंतर शेवटची अधिसूचना निघते. एकदा ठरलेल्या सीमा बदलावयाच्या झाल्यास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. कोणा अधिकाऱ्याच्या लहरीने त्या हलत नाहीत.

काळवीट हा या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे, म्हणजे त्याला सर्वांत कडक संरक्षण आहे. त्याची शिकार करणाऱ्यास तीन ते सात वर्षांची कैद आणि निदान पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो.

पण कायदा काही स्वतःच्या पायांनी माळावर फिरत नाही. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकापासून खाली उपवनसंरक्षक, वनक्षेत्रपाल, वनपाल अशी अधिकाऱ्यांची उतरंड असते, आणि तिच्या तळाशी वनरक्षक असतो. माझ्या मते अभयारण्याचा खरा भार याच माणसाच्या खांद्यावर असतो. उन्हाळा लागण्यापूर्वी तो गवतात जाळरेषा काढून घेतो, म्हणजे ठरावीक पट्ट्यातील गवत आधीच काढून किंवा जाळून टाकतो. पुढे वणवा लागलाच, तर तो त्या उघड्या पट्ट्याशी येऊन थांबतो. पाणवठे आटू लागले की तेथे पाणी आणून ओतण्याची व्यवस्था करावी लागते. परदेशातून आलेली घाणेरी आणि वेडी बाभूळ गवताची जागा बळकावतात, ती उपटून काढावी लागतात. कोणी फास लावला आहे काय, कोणाची कुत्री कळपामागे लागली आहेत काय, हे पाहत रोज मैलोगणती पायी फिरावे लागते. वैशाख पौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातील अनेक अभयारण्यांत पाणवठ्याशेजारी मचाण बांधून प्राण्यांची नोंद करतात. त्या कडक उन्हाळ्यात प्राण्याला पाण्यावर यावेच लागते आणि लख्ख चांदण्यात तो ओळखूही येतो. मचाणावर बसणाऱ्याने बोलावयाचे नाही, खोकावयाचे नाही. समोर जे आले ते वेळेसह कागदावर लिहावयाचे. रात्रभर डास चावत असताना हे करून पाहावे, म्हणजे शास्त्रीय नोंदीची किंमत कळते.

आता दुसऱ्या अभयारण्याकडे वळू. तेही याच माळांवरचे. ज्या पक्ष्यासाठी ते केले, त्याचे नाव माळढोक. ढोक म्हणजे करकोच्याच्या जातीचा उंच पक्षी. त्याच्यासारखा दिसणारा, पण पाणथळ सोडून माळावर राहणारा तो माळढोक. नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत इतके जड पक्षी जगात फार थोडे आहेत. मान उंच करून, राजासारखी पावले टाकीत तो गवतातून चालतो आणि टोळ, नाकतोडे, भुंगे वेचून खातो. तेव्हा शेतकऱ्याचा तो मित्रच म्हणावयाचा. मादी उघड्या जमिनीवरच अंडे घालते. घरटे असे बांधतच नाही. आणि अंडेही बहुधा वर्षाकाठी एकच! गुरांचा पाय पडला, कुत्र्याने वा कोल्ह्याने पाहिले, की त्या वर्षाची आशा संपली.

सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी या पक्ष्याकडे लोकांचे आणि शासनाचे लक्ष वेधले. १९७९ साली माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर झाले. सोलापूर जिल्ह्यातील उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि अहमदनगर जिल्ह्यातील कर्जत, श्रीगोंदा, नेवासे या तालुक्यांचा प्रदेश त्यात घेतला गेला. क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर! रेहेकुरीच्या जवळजवळ चार हजार पट. अहमदनगर हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा, १७,०४८ चौरस किलोमीटरांचा. त्याच्या निम्म्याइतके हे एक अभयारण्य होते.

एवढे विशाल राज्य मिळालेला पक्षी सुखाने नांदावयास हवा होता. तसे झाले नाही. आज जगातील मोकळ्या रानांत सुमारे दीडशे, किंवा त्याहूनही कमी माळढोक उरले आहेत आणि त्यांतील बहुतेक राजस्थानच्या जैसलमेर भागात आहेत. महाराष्ट्रात नान्नजकडे अलीकडच्या वर्षांत एखाददुसरा पक्षी क्वचित दिसतो. कर्जत-श्रीगोंद्याच्या माळांवर तर हे नाव आता वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातच ऐकावयाचे.

असे का व्हावे? या आठ हजार चौरस किलोमीटरांत गावे होती, बाजारपेठा होत्या, रस्ते, शाळा, उसाचे मळे, सारे काही होते. वनविभागाच्या ताब्यातील जमीन त्यात थोडी, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली. उरलेली जमीन शेतकऱ्यांची. मघाशी जे वाक्य ध्यानात ठेवावयास सांगितले, ते आता आठवा. जमिनीचा व्यवहार करावयाचा, घर बांधावयाचे, रस्ता वा कालवा न्यावयाचा, तर अभयारण्य आडवे येऊ लागले. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात माळढोक पाहिला नव्हता, त्यालाही माळढोकामुळे आपले काम अडले असे वाटू लागले. पक्ष्याविषयी माया उपजण्याऐवजी राग उपजला. इकडे कुकडीचा डावा कालवा श्रीगोंदा, कर्जतपर्यंत आला. पाणी मिळताच जेथे गवत होते तेथे ऊस उभा राहिला. यासाठी शेतकऱ्याला दोष देणे मला तरी योग्य वाटत नाही. पिढ्यान्पिढ्या दुष्काळ सोसलेल्या माणसाने दाराशी आलेले पाणी का नाकारावे? विजेच्या तारांचे जाळेही माळावर पसरले. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही आणि अंग जड असल्यामुळे ऐन वेळी वळताही येत नाही. तारांवर आदळून तो मरतो.

आणखी एक कारण आहे, आणि ते एका शब्दात दडलेले आहे. सरकारी दप्तरात माळाला बहुधा ‘पडीक’ म्हणून लिहितात. पडीक म्हणजे ज्याचा उपयोग नाही असे. भाषेच्या शिक्षकाला हा शब्द फार खटकतो, कारण एकदा जमिनीला पडीक म्हटले की तिचे काहीतरी ‘करावे’ असे प्रत्येकाला वाटू लागते. मग तेथे गिरिपुष्पाची वा सुबाभळीची लागवड होते. झाडे लावणे हे पुण्यकर्मच, असे आपण सारे मानतो. परंतु माळढोकाच्या माळावर लावलेले झाड त्याला घरातून बाहेर काढते. मोकळ्या गवताळ भूमीत चंडोल, धाविक, तितर, खोकड, लांडगा असा मोठा परिवार राहतो. ती भूमी पडीक नाही, भरलेली आहे. वास्तविक कुरण, गायरान, माळरान असे किती चांगले शब्द आपल्या भाषेत आहेत!

अखेर एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या प्रारंभी माळढोक अभयारण्याच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आले. गावे व शेते मोठ्या प्रमाणात वगळली गेली. काही निसर्गप्रेमींना ही माघार वाटली. मला मात्र जे राखता येईल तेवढेच कागदावर असणे अधिक प्रामाणिक वाटते. दुःख इतकेच, की हा शहाणपणा येईपर्यंत तीसहून अधिक वर्षे गेली.

रेहेकुरीलाही प्रश्न नाहीत असे समजू नका. काळविटाला कुंपण आणि सीमा समजत नाहीत. कळप वाढला की तो रात्री शेजारच्या ज्वारीत, हरभऱ्यात शिरतो आणि कोवळे शेंडे खुडून टाकतो. अशा नुकसानीचा पंचनामा करून शासन शेतकऱ्यास भरपाई देते. ही भरपाई वेळेवर आणि पुरेशी हाती पडली, तर शेतकरी काळविटाकडे कानाडोळा करतो; ती रेंगाळली, तर अभयारण्याच्या शेजारीच त्याचा शत्रू तयार होतो. धनगरांचाही प्रश्न असाच आहे. त्यांची मेंढरे या माळांवर शतकानुशतके चरत आली. चराई अति झाली तर गवत मुळासकट जाते हे खरे. पण चराई सर्वस्वी बंद केली, तर गवत उंच व जाड होऊन आखूड गवत मागणाऱ्या प्राण्यांची अडचण होते. म्हणून किती जागा किती काळ बंद ठेवावी, कोठे गवत कापून न्यावयास द्यावे, याचा हिशेब दर पावसाळ्यानंतर नव्याने मांडावा लागतो.

याच जिल्ह्यात आणखी दोन अभयारण्ये आहेत, दोन्ही १९८६ सालची. अकोले तालुक्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात खरोखरीची दाट झाडी आहे, शेकरू आहे आणि महाराष्ट्राचे सर्वांत उंच, १,६४६ मीटरचे शिखरही आहे. जायकवाडीच्या नाथसागरावर हिवाळ्यात दूरदेशीचे पाणपक्षी उतरतात. त्यांच्या व्यवस्थेच्या तऱ्हा निराळ्या. तेथे कोठे पर्यटकांची गर्दी आवरावी लागते, तर कोठे मासेमारी.

माळढोकाची कथा मात्र अजून संपलेली नाही. २०१९ साली जैसलमेर भागातील माळांवरून त्याची काही अंडी काळजीपूर्वक उचलण्यात आली आणि तेथील सम या गावी यंत्रात उबवण्यात आली. त्यांतून पिले निघाली, वाढली आणि त्यांच्यापासून पुढची पिढीही जन्मास येऊ लागली आहे. या केंद्रात वाढणारे पक्षी केव्हातरी मोकळ्या रानात सोडावयाचे आहेत. त्यासाठी विजेच्या तारा नसलेले, कुत्र्यांचा उपद्रव नसलेले आणि झाडे न लावलेले गवताळ माळ हवेत. असे माळ कोठे उरले आहेत, याचा शोध घेणाऱ्यांना नान्नज, कर्जत आणि श्रीगोंद्याचे नकाशे पुन्हा उघडून पाहावे लागतील.