पहिलं वेत वाया गेलं? मादी विकायच्या आधी वही उघडा



ससेपालनाच्या व्हिडिओंमध्ये आपण जागा, पिंजरे आणि भांडवल पाहिलं. आज असा विषय, ज्यावर नवीन माणूस हमखास खचतो. पहिल्या वेताची सगळी पिल्लं मेली तर काय करायचं?

माझं पहिलं वेत असंच गेलं. सकाळी शेडमध्ये गेलो तर ७ पिल्लं पिंजऱ्याच्या जाळीवर गार पडलेली. रागाच्या भरात मी मादी विकायला काढली. मग वही उघडली. मादी भरवून ३१ दिवस झाले होते आणि पिल्लांची पेटी मी ठेवलीच नव्हती! चूक तिची नव्हती, माझी होती.

म्हणून पिल्लं कधी आणि कुठे मेली, हे आधी लिहून काढा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं.

१. पिल्लं जाळीवर मेली: ससा साधारण ३० ते ३२ दिवसांत वितो. २८व्या दिवशी पेटी आणि वाळलेलं गवत आत गेलंच पाहिजे. पिल्लं बिनकेसांची जन्मतात, थंडीत टिकत नाहीत. गार पडलेलं पिल्लू मेलं असं लगेच समजू नका. हातात धरून हळूहळू ऊब द्या, कधी कधी हालचाल करू लागतं.

२. पेटीत मेली, पोट रिकामं: दूध मिळालं नाही. पण आई दिवसभर पेटीबाहेर दिसते म्हणून घाबरू नका. मादी दिवसातून एकदा, फार तर दोनदा, तेही काही मिनिटंच पाजते. रोज सकाळी पोटं बघा. गोल आणि घट्ट असतील तर सगळं ठीक आहे.

३. आईनेच मारली किंवा खाल्ली: कुत्रं, मांजर, गोंगाट, सारखी हाताळणी, पाण्याची कमतरता, हे तपासा. पहिलटकरणीत हे जास्त दिसतं.

४. पिल्लं झालीच नाहीत: उन्हाळ्यात मादी भरवली होती का? कडक उष्णतेने नराची क्षमता कमी होते आणि ती परत यायला दीड-दोन महिने लागू शकतात. मादी बदलून इथे काही होणार नाही, शेड थंड करा.

आता धंद्याचा हिशोब. रोज १५० ग्रॅम खाद्य धरलं तर ३१ दिवसांत साडेचार किलोच्या वर खाद्य आणि एक महिना गेला. हे नुकसान खरं आहे. पण चांगली मादी विकून नवीन आणली, तर ती रुळेपर्यंत आणखी काही महिने जातात आणि चूक तीच राहिली तर निकालही तोच.

यावर एक सोपा उपाय आहे. दोन माद्या एकाच दिवशी भरवा. एकीला दूध नसेल तर पहिल्या तीन-चार दिवसांत तिची पिल्लं दुसरीच्या पेटीत मिसळता येतात.

माझा नियम असा: पहिलं वेत गेलं तर मी माझी चूक शोधतो. दुसरं गेलं तर पशुवैद्यकांना दाखवतो. सगळं नीट असूनही तिसरं गेलं, तरच मादी प्रजननातून काढतो.

आजचा गृहपाठ: प्रत्येक पिंजऱ्यावर एक कार्ड लावा. भरवल्याची तारीख, पेटीची तारीख, जन्मलेली पिल्लं, जगलेली पिल्लं. एवढे चार रकाने पुरे. मादीला दोष द्यायच्या आधी ते कार्ड वाचा.