बोटाची भाषा

(मोबाईलच्या काचेला आपण बोट लावतो आणि काम होते. पण काचेला बोटाची भाषा शिकवतो कोण? मालेगावच्या एका उर्दू शाळेतील मुलांनी छोटा संगणक आणि छोटा टचस्क्रीन घेऊन एक ‘शब्दपेटी’ तयार केली. ती कशी तयार झाली, हे त्यांच्या शिक्षकांनी या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी टचस्क्रीन वापरला आहे. चित्रावर बोट ठेवले की चित्र उघडते. बोट सरकवले की पान सरकते. आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पण क्षणभर थांबा आणि स्वतःला एक प्रश्न विचारा. काचेला डोळे नाहीत. मग आपले बोट कोठे आहे, हे तिला कसे कळते?

मी आठवीच्या वर्गात हा प्रश्न विचारला, तेव्हा एक मुलगा म्हणाला, “सर, मोबाईल हुशार असतो.” सगळे हसले. मी म्हणालो, “तो किती हुशार असतो, ते आपण स्वतःच पाहू.” त्यासाठी मी दोन वस्तू वर्गात आणल्या. पहिली वस्तू होती रास्पबेरी पाय नावाचा संगणक आणि दुसरी होती साडेतीन इंचांचा टचस्क्रीन.

रास्पबेरी पाय हा एकाच सर्किट बोर्डावर बसवलेला संपूर्ण संगणक आहे. त्याची लांबी सुमारे 85 मिलिमीटर व रुंदी 56 मिलिमीटर असते. म्हणजे तो तुमच्या तळहातावर सहज मावतो. त्याला स्वतःचा पडदा नसतो आणि कळफलकही नसतो. ते आपण जोडायचे. तो तयार करण्यामागे एक हेतू होता. इंग्लंडमध्ये 1981 साली बीबीसी मायक्रो नावाचा संगणक आला आणि तो अनेक शाळांत पोहोचला. त्या काळातील मुले संगणक सुरू करून त्यावर स्वतः प्रोग्राम लिहीत. पुढे संगणक घरोघरी आले. पण मुले फक्त ते वापरू लागली. केंब्रिज विद्यापीठातील एबेन अप्टन यांच्या लक्षात आले, की संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना पूर्वीइतके प्रोग्राम लिहिता येत नाहीत. म्हणून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना परवडेल असा संगणक तयार केला. तो 29 फेब्रुवारी 2012 रोजी विक्रीस आला. तेव्हा त्याची किंमत 35 डॉलर होती.

आमच्या वर्गाने ठरवले, की या संगणकाची एक शब्दपेटी करायची. पडद्यावर एक उर्दू शब्द येईल. त्याखाली तीन मराठी शब्द येतील. बरोबर शब्दावर बोट ठेवले की एक गुण मिळेल. चुकले तर बरोबर शब्द दिसेल. मुलांनी वहीत शंभर शब्द लिहून काढले. ‘बारिश’ला पाऊस, ‘दरख़्त’ला झाड, ‘उँगली’ला बोट. एका मुलीने ‘करघा’ लिहून त्यापुढे ‘माग’ असे लिहिले.

मग जोडणीला सुरुवात झाली. रास्पबेरी पायच्या एका कडेला दोन रांगांत 40 पिना असतात. आमचा टचस्क्रीन या पिनांवरच बसतो. येथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. वीज बंद केल्याशिवाय कोणतीही जोडणी करू नका. आणि पहिल्या क्रमांकाची पिन पहिल्या क्रमांकाच्या खाचेतच बसली आहे, हे दोनदा पाहा. पिना एक घर जरी सरकल्या, तरी वीज नको तेथे जाते आणि बोर्ड निकामी होऊ शकतो.

आम्ही सर्व तपासून वीज सुरू केली. पडदा उजळला, पण तो कोऱ्या कागदासारखा पांढरा! मुलांचे चेहरे पडले. “सर, बिघडला,” एक जण हळूच म्हणाला. पडदा बिघडला नव्हता. पडद्यामागचा दिवा लागला होता. पण चित्र कोठे पाठवायचे, हे संगणकाला माहीत नव्हते. प्रत्येक पडद्याशी बोलण्यासाठी संगणकाला एक छोटा प्रोग्राम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. सुरू होताना संगणक मांडणीची एक फाइल वाचतो. त्या फाइलमध्ये आमच्या पडद्याचे नाव सांगणारी एक ओळ लिहिली. संगणक पुन्हा सुरू केला. चित्र आले!

आता खरा प्रश्न आला. बोट कसे कळते?

आमच्या पडद्यावर दोन पारदर्शक थर होते. वरचा थर लवचीक प्लॅस्टिकचा आणि खालचा काचेचा. दोघांच्या आतल्या बाजूंवर वीज वाहून नेणारा पातळ, पारदर्शक लेप असतो. मध्ये अगदी बारीक ठिपके असतात, त्यामुळे थर एकमेकांना लागत नाहीत. आपण बोटाने दाबले, की वरचा थर वाकतो आणि त्या जागी खालच्या थराला टेकतो.

समजा, एका थराच्या डाव्या टोकाला 0 व्होल्ट आणि उजव्या टोकाला 3.3 व्होल्ट दाब दिला आहे. तुम्ही बरोबर मध्यभागी दाबले, तर दुसऱ्या थरावर सुमारे 1.65 व्होल्ट मिळतील. उजवीकडे दाबले तर जास्त, डावीकडे दाबले तर कमी. नंतर थरांची अदलाबदल करून वर-खाली अशीच मोजणी होते. डावे-उजवे एक माप आणि वर-खाली दुसरे माप. दोन मापे मिळाली की बोटाची जागा सापडली. भूगोलात अक्षांश-रेखांशांवरून गाव सापडते ना, तसेच हे आहे.

तुमच्या मोबाईलचा पडदा मात्र वेगळ्या रीतीने चालतो. त्याला दाब लागत नाही. काचेखाली बारीक तारांची जाळी असते. आपल्या शरीरातून वीज वाहू शकते. त्यामुळे बोट जवळ येताच जाळीतील विजेच्या साठ्यात थोडा बदल होतो आणि तो बदल मोजला जातो. म्हणून मोबाईलवर पेन्सिलीचे लाकडी टोक चालत नाही. आमच्या पडद्यावर ते चालते. पडद्याला हात लावून यंत्र चालवण्याची कल्पना बरीच जुनी आहे. इंग्लंडमधील ई. ए. जॉन्सन यांनी ती 1965 साली लिहून प्रसिद्ध केली. विमानांची ये-जा सांभाळणाऱ्यांचे काम सोपे व्हावे, हा त्यांचा उद्देश होता.

आमच्या पडद्याने मोजलेले माप 0 ते 4095 या आकड्यांत मिळते. पण पडद्यावर डावीकडून उजवीकडे ठिपके असतात फक्त 480. मग 4095 चे 480 कसे करायचे? मुलांनो, येथे आपले त्रैराशिक उपयोगी पडते. समजा, आम्ही डाव्या कडेला दाबले, तेव्हा 200 हा आकडा आला आणि उजव्या कडेला 3800. दोहोंतील फरक 3600. आता कोणी तरी दाबले आणि 1100 आकडा आला. 1100 मधून 200 वजा केले, 900 उरले. 900 म्हणजे 3600 चा चौथा भाग. 480 चा चौथा भाग 120. म्हणजे बोट डावीकडून 120 व्या ठिपक्यावर आहे. पडद्याला अशी जागा समजावून देण्याच्या कामाला कॅलिब्रेशन म्हणतात. मराठीत त्याला अंशशोधन असा शब्द आहे.

आमच्याकडे मात्र वेगळीच गंमत झाली. पेटीत नीट बसावा म्हणून आम्ही पडदा उलटा फिरवला आणि चित्रही फिरवून घेतले. पण स्पर्शाची मापे फिरवायला विसरलो. आता डावीकडे बोट ठेवले की उजवीकडचे बटण दाबले जाई. एक मुलगी पटकन म्हणाली, “सर, हा पडदा उर्दू माध्यमाचा आहे. उजवीकडून वाचतो!” वर्गात हशा पिकला. पण तिने दोष नेमका ओळखला होता. पडदा उजव्या कडेपासून मोजत होता. आम्ही गणितात एक दुरुस्ती केली. आलेल्या आकड्यातून 200 वजा करण्याऐवजी 3800 मधून तो आकडा वजा केला. वर-खालीही तसेच केले. पडदा शहाण्यासारखा वागू लागला.

शेवटची अडचण अक्षरांची होती. पहिल्यांदा शब्द उमटले, तेव्हा ‘किताब’ या उर्दू शब्दातील काफ, ते, अलिफ आणि बे सुटे-सुटे दिसले, तेही डावीकडून उजवीकडे! मुले म्हणाली, “संगणकाला उर्दू येत नाही.” मी म्हणालो, “मराठी तरी कोठे येते?” पाहिले तर ‘विमान’ शब्दातील पहिली वेलांटी ‘व’च्या पुढे जाऊन बसली होती आणि ‘पुस्तक’मधील जोडाक्षर तुटले होते. उर्दूत अक्षरे एकमेकांना जोडताना रूप बदलतात. मराठीत पहिली वेलांटी उच्चारात मागून येते, पण लिहिताना आधी येते. हे नियम आम्ही वापरलेल्या प्रोग्रामला कोणी सांगितलेच नव्हते.

अक्षरांची अशी जुळणी करणारे एक मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याचे नाव हार्फबझ. हे नाव फारसी शब्दांवरून घेतले आहे. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाझ’ म्हणजे उघडे. ‘हर्फ’ हा शब्द तर तुमच्या रोजच्या ओळखीचा. ते सॉफ्टवेअर जोडले आणि दोन्ही भाषांतील शब्द एकदम नीट दिसू लागले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात शब्दपेटी ठेवली. ‘करघा’ शब्द लिहिणाऱ्या मुलीचे अब्बा संध्याकाळी आले. ते यंत्रमागावर काम करतात. वर्षानुवर्षे सुताच्या गाठी मारून त्यांच्या बोटांची टोके कडक झाली आहेत. मोबाईलवर त्यांचे बोट कधी लागते, कधी लागत नाही. म्हणून ते मागे उभे राहिले. मुलगी म्हणाली, “अब्बा, हा पडदा दाबाने चालतो. जोरात दाबा.”

पडद्यावर ‘करघा’ आला. खाली ‘मार्ग’, ‘भाग’ आणि ‘माग’ असे तीन शब्द होते. त्यांनी ‘मार्ग’ दाबला. पेटीने ‘माग’ दाखवला. ते काही वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “आम्ही तर लूमच म्हणतो. कारखान्याच्या पाटीवर ‘यंत्रमाग’ असे लिहिले आहे. रोज त्या पाटीखालून जातो. अर्थ आज समजला.” त्यानंतर ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी आणखी वीस शब्द सोडवले.

मुलांनो, आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. मोबाईल हुशार असतो का? आमच्या पडद्याला चित्र माहीत नव्हते, डावे-उजवे माहीत नव्हते, वेलांटीही माहीत नव्हती. त्याने फक्त मोजले. बाकी सारे त्याला कोणी तरी शिकवले. ज्याला शिकवता येते, त्याच्या भाषेत यंत्र बोलते. जो फक्त बोट लावतो, त्याला दुसऱ्याने शिकवलेली भाषाच ऐकावी लागते. तुमच्या आजूबाजूला अशा कितीतरी पाट्या असतील, ज्यांच्याखालून लोक रोज जातात. त्या वाचायला मदत करणारे यंत्र तुम्हीही तयार करू शकाल.

शब्दार्थ

कळफलक – अक्षरांच्या कळा असलेली पाटी, कीबोर्ड
निकामी – कामाचा न राहिलेला
लवचीक – सहज वाकणारा
पारदर्शक – ज्याच्यातून पलीकडचे दिसते असा
त्रैराशिक – तीन संख्यांवरून चौथी संख्या काढण्याची रीत
यंत्रमाग – विजेवर चालणारा कापड विणण्याचा माग
हशा पिकणे – सगळ्यांनी मोठ्याने हसणे
चेहरा पडणे – निराश होणे

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रास्पबेरी पाय हा संगणक केव्हा विक्रीस आला?
(आ) पडदा पांढरा का दिसत होता?
(इ) मुलीच्या अब्बांना कोणत्या शब्दाचा अर्थ समजला?

प्र. 2. कारणे लिहा.
(अ) मोबाईलच्या पडद्यावर पेन्सिलीचे लाकडी टोक चालत नाही.
(आ) डावीकडे बोट ठेवले तरी उजवीकडचे बटण दाबले जाई.

प्र. 3. गणित सोडवा.
डाव्या कडेला 200 व उजव्या कडेला 3800 आकडा येतो. पडद्यावर 480 ठिपके आहेत. 2000 हा आकडा आला, तर बोट डावीकडून कितव्या ठिपक्यावर आहे?

प्र. 4. ‘बोट’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. प्रत्येक अर्थाचे एक वाक्य तयार करा.

उपक्रम : शाळेतून घरी जाताना दिसणाऱ्या पाच मराठी पाट्या वहीत उतरवून घ्या. त्यांतील प्रत्येक शब्दाचा अर्थ उर्दूत लिहा आणि घरी वाचून दाखवा.