नामजप, श्वास आणि मेंदू

दर्शनरांगेत उभा असलेला भाविक माळेचे मणी ओढीत मुखाने नामस्मरण करीत असतो. जपाने मन शांत होते, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. या शांतीचा मागोवा शास्त्रानेही घेतला आहे.

महाराष्ट्रात स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. १९६१ साली दिल्लीतील संशोधकांनी योग्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी नोंदविल्या. ध्यानावस्थेत संथ अशा 'अल्फा' लहरी ठळक दिसल्या आणि काही योग्यांच्या बाबतीत मोठ्या आवाजानेही त्या खंडित झाल्या नाहीत.

इटलीतील डॉ. लुचियानो बर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग जपासंबंधी आहे. त्यांनी २३ निरोगी व्यक्तींकडून ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि बौद्ध परंपरेतील षडक्षरी मंत्र म्हणवून घेतला. उपासना भिन्न, परंतु दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे सहा इतका संथ झाला. रक्ताभिसरणाचीही सुमारे दहा सेकंदांची एक नैसर्गिक लय असते. श्वास तिच्याशी जुळला. मानेतील व छातीतील मोठ्या धमन्यांत रक्तदाब जाणणाऱ्या चेता असतात. त्यांचा निरोप मेंदूच्या तळाशी पोहोचतो व तेथून हृदयाची गती आवरली जाते. ही व्यवस्था जपाच्या वेळी अधिक तत्पर झालेली आढळली.

मात्र हा प्रयोग लहान होता आणि परिणाम त्या वेळेपुरता मोजलेला होता. आठ आठवड्यांच्या ध्यानवर्गाने मेंदूच्या रचनेत बदल होत असल्याचे २०२२ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात दिसून आले नाही. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली ध्यानास उपचारांची जोड म्हणून मान्यता दिली, उपचारांचा पर्याय म्हणून नव्हे. यात्रेच्या व उपवासाच्या दिवसांत रक्तदाबाची गोळी घेण्याचे राहून जाते, किंवा श्रद्धेपोटी ती थांबविली जाते. तसे कदापि करू नये. औषध घेतल्याने श्रद्धेस उणेपणा येत नाही.

दर्शनानंतर सभामंडपात क्षणभर बसावे. माळ घाईने न ओढता, श्वास सहज लांबेल अशा लयीत नाम घ्यावे. श्वास कोंडू नये. अस्वस्थ वाटल्यास थांबावे. घरी परतल्यावरही रोज ठरावीक वेळी हा नेम ठेवावा. नामाचे पारमार्थिक फळ यंत्राने मोजता येत नाही. परंतु संथ श्वासाचा लाभ प्रत्येकास घेता येतो.