गोंदियातून देशभराची कोळसा संघटना: खर्च किती आणि कशावर

लाकडी कोळसा करणाऱ्यांची देशपातळीवरची संघटना काढायची, आणि कार्यालय गोंदियात ठेवायचं, असा विचार असेल तर पहिल्या वर्षी साधारण अकरा लाख रुपये हाताशी लागतील. जिल्ह्यापुरतं काम करायचं तर चार लाखांत भागतं. हा सगळा हिशेब पुढे फोडून दिला आहे. सरकारी फी आणि कायद्यातले आकडे ठरलेले आहेत. भाडं, पगार, सल्लागारांची फी हे अंदाजपत्रकासाठी धरलेले आकडे आहेत. ते आपल्या ओळखीच्या सीएकडून आणि घरमालकाकडून तपासून घ्या.

आधी सभासद कोण, ते ठरवा. खर्च त्यावरच ठरतो. गोंदिया जिल्ह्यात भट्ट्यांपेक्षा राईस मिलच्या मागे पडलेले भुशाचे ढीग जास्त दिसतात. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा भुसा निघतो. त्यापासून ब्रिकेट, म्हणजे बाजारात ज्याला पांढरा कोळसा म्हणतात तो, आणि पेलेट बनतात. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडे सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा आहेत. त्यांच्याकडे बांबू आहे, आणि तेंदूपाने स्वतः विकण्याचा अनुभवही आहे. खऱ्या अर्थाने लाकडी कोळसा करणारे मात्र बाहेर आहेत. रायगडच्या भट्ट्यांवर राबणारी कातकरी कुटुंबं, सोलापूर-मराठवाड्याकडचे वेड्या बाभळीचा कोळसा करणारे, कच्छमधले गांडा बावळवाले, तमिळनाडूतल्या रामनाथपुरमचे भट्टीवाले, दक्षिणेतले नारळाच्या करवंटीचा कोळसा करणारे. या सगळ्यांना एका छत्राखाली आणणारी संघटना गोंदियातून चालवता येते. मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन आहे, छत्तीसगड आणि मध्य प्रदेश शेजारी आहेत, खोलीचं भाडं नागपूर-मुंबईच्या मानाने किरकोळ आहे. पण सचिवाचा प्रवास वाढतो, हे विसरू नका.

नोंदणी

संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली सात सभासदांत संस्था उभी राहते. उत्पादकांच्या संघटनेला मात्र मी कंपनी कायदा २०१३ मधल्या कलम ८ ची कंपनी सुचवेन. त्या कलमात वाणिज्याला चालना देणं हा उद्देश स्पष्ट लिहिलेला आहे, आणि नफा सभासदांत वाटता येत नाही. त्यामुळे बँक आणि सरकारी खाती दोन्हीकडे बोलणं सोपं जातं. अधिकृत भांडवल १५ लाखांपर्यंत असेल तर कंपनी स्थापनेची सरकारी फी शून्य आहे. खर्च होतो तो संचालकांच्या डिजिटल सह्यांवर आणि कंपनी सेक्रेटरीच्या फीवर. सगळं मिळून ३५ हजार धरा.

नावात 'नॅशनल' हा शब्द घालायचा मोह होतो. तो शब्द केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय मिळत नाही. पत्रव्यवहारात महिने जातात आणि सल्लागाराची फी वाढते. 'भारतातील कोळसा उत्पादक' अशा साध्या नावाने काम चालतं. देशभरचे सभासद असले की पातळी आपोआप दिसते.

माल एकत्र विकायचा असेल तर त्यासाठी वेगळी उत्पादक कंपनी काढा. दहा उत्पादक किंवा दोन उत्पादक संस्था असल्या की ती निघते. संघटनेने बाजू मांडायची, प्रशिक्षण द्यायचं, नमुने तपासून द्यायचे. विक्री दुसऱ्या दारातून. दोन्ही एकाच खात्यात घातलं की लेखापरीक्षकाचं बिल आणि कराचा घोळ दोन्ही वाढतात.

वर्षाचा खर्च

सर्वांत मोठा आकडा माणसाचा आहे. पूर्णवेळ सचिव महिना २५ हजारांवर ठेवला तर वर्षाचे ३ लाख. हिशेब आणि फोन सांभाळणारा अर्धवेळ मदतनीस महिना १० हजारांवर, म्हणजे १ लाख २० हजार. खोलीचं भाडं आणि वीज धरून महिना ६ हजार, वर्षाचे ७२ हजार. नागपूर, मुंबई, दिल्ली आणि दोन-तीन राज्यांतल्या भेटी यांवर १ लाख २० हजार. लेखापरीक्षण आणि कंपनी कार्यालयाकडची वार्षिक विवरणपत्रं ४० हजार. कायदेशीर सल्ला ६० हजार. वार्षिक सभा ६० हजार. फोन, छपाई, संगणक ४० हजार. कोळशाच्या नमुन्यांची तपासणी ६० हजार. भट्टीवरची दोन प्रशिक्षण शिबिरं ८० हजार. कामगारांचा अपघात विमा ६ हजार. बेरीज ९ लाख ५८ हजार. त्यात नोंदणीचे ३५ हजार आणि दहा टक्के राखीव घातले की पावणेअकरा लाखांच्या वर, म्हणजे अकरा लाखांच्या घरात जातं.

लेखापरीक्षण टाळता येत नाही. उलाढाल कितीही कमी असली तरी कंपनीला ते सक्तीचं आहे. विवरणपत्र उशिरा भरलं तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा फी लागते. दोन फॉर्म सहा महिने राहिले तर ३६ हजारांच्या आसपास रक्कम जाते, जवळजवळ सचिवाचा दीड महिन्याचा पगार. ज्या संघटना बंद पडतात त्यांची कागदपत्रं बहुतेक वेळा याच ठिकाणी अडकलेली असतात.

नमुन्यांच्या तपासणीवर काटकसर करू नका. ओलावा, राख, उडून जाणारा भाग आणि स्थिर कार्बन या चार आकड्यांवर कोळशाचा भाव ठरतो. तपासणीची पद्धत भारतीय मानक १३५० मध्ये दिलेली आहे. भुशाच्या कोळशात राख फार राहते, कारण भुशातच सिलिका भरपूर असतो. तो शेगडीवाल्याला विकला तर तक्रार येईल, बॉयलरवाल्याला चालतो. हे भट्टीवाल्याला सांगायचं तर हातात कागद लागतो. एका नमुन्याला अडीच हजार धरले तर वर्षाला २४ नमुने ६० हजारांत होतात. निम्मी रक्कम सभासदाने द्यावी, नाहीतर कोणीही कसलाही कोळसा पाठवतो.

शिबिरांवरचे ८० हजार सर्वांत आधी वसूल होतात. मातीच्या साध्या भट्टीत चार-पाच किलो सुकं लाकूड जाळून एक किलो कोळसा निघतो. लाकूड ओलं असलं की कोळसा त्याहून कमी. चांगल्या बंद भट्टीत प्रमाण तीन-साडेतीन किलोला एकवर येतं. जुने भट्टीवाले धुरावरून काम ओळखतात. पांढरा दाट धूर म्हणजे अजून पाणी जातंय. तो पातळ होऊन निळसर झाला की भोकं बुजवायची वेळ. त्या वेळी घाई झाली तर कोळसा कच्चा राहतो, उशीर झाला तर राख होते. भट्टी थंड होण्याआधी उघडली तर हवा लागून पूर्ण माल पेटतो. शिबिरात हे दाखवायला असा जुना हात बोलवा आणि त्याला रोजंदारी नव्हे, शिक्षकाचं मानधन द्या.

वाहतूक परवाना

भारतीय वन अधिनियम १९२७ मध्ये कोळसा नावानिशी वनोपज म्हटलेला आहे, आणि तो जंगलातून आलेला असो वा नसो. म्हणजे शेतातल्या बाभळीचा कोळसासुद्धा वाहतूक परवान्याविना नाक्यावर अडू शकतो. झाड तोडायला १९६४ चा महाराष्ट्राचा वृक्षतोड कायदा वेगळाच. राखीव जंगलात भट्टी लावणं गुन्हा आहे. परवाना ऑनलाइन देणारी राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणाली डिसेंबर २०२३ मध्ये देशभर सुरू झाली. छोट्या भट्टीवाल्याला तिचा अर्ज भरता येत नाही. तो सचिवाने किंवा मदतनिसाने भरून द्यायचा. संघटनेची खरी किंमत सभासदाला इथेच दिसते. गाडी देवरीच्या पुढे राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अडकली तर चालकाचा, गाडीचा आणि मालाचा दिवसाचा तोटा वर्षाच्या वर्गणीपेक्षा मोठा असतो. भुशाचे ब्रिकेट असतील तर मिलचं खरेदी बिल गाडीत ठेवायला सांगा, कारण नाक्यावरच्या माणसाला बंद पोती सारखीच दिसतात. ग्रामसभेच्या बांबूला नियम वेगळे. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज आहे आणि त्याचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीकडून निघतो. हे सभासदांना लिहून द्या.

परदेशी माल पाठवणारे सभासद असतील तर अजून एक खर्च येतो. १ जानेवारी २०२६ पासून जहाजाने जाणारा कोळसा धोकादायक माल म्हणून घोषित करणं बंधनकारक आहे. भरण्याआधी १४ दिवस तो मोकळ्या हवेत मुरवायचा आणि भरताना तापमान ४० अंशांच्या आत हवं. त्याची कागदपत्रं, थर्मामीटर, नोंदवही ही निर्यातदारांच्या शुल्कातून चालवा. गावातल्या भट्टीवाल्याच्या वर्गणीतून नको.

तिरोड्याचा ३,३०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प जिल्ह्यातच आहे. वीज मंत्रालयाच्या धोरणात २०२३ च्या सुधारणेनंतर कोळशासोबत २०२४-२५ पासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के बायोमास पेलेट जाळायचे ठरले होते. पेलेटवाल्यांना संघटनेत आणायचं कारण हे. त्यांची वर्गणी मोठी असेल, तर कामही त्यांचंच जास्त असेल. मात्र भट्टीवाल्याचा आवाज त्यांच्याखाली दबू नये म्हणून कार्यकारिणीतल्या निम्म्या जागा छोट्या सभासदांसाठी घटनेतच राखा.

वर्गणी आणि कर

माझी मांडणी अशी. छोटा भट्टीवाला आणि ग्रामसभा वर्षाला १,००० रुपये. मधला उत्पादक ६ हजार. मोठा पेलेट कारखाना, निर्यातदार, यंत्र बनवणारा ४० हजार. एक हजाराचा आकडा मुद्दाम आहे. ना-नफा संस्थेने सभासदाकडून घेतलेली वर्षाला १,००० रुपयांपर्यंतची वर्गणी जीएसटीतून सुटलेली आहे. त्यापुढची वर्गणी कराच्या कक्षेत येते, पण एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही. संघटनेने सभासदांसाठी केलेल्या विशिष्ट सेवांचं उत्पन्न आयकरात व्यवसायाचं उत्पन्न धरलं जातं. म्हणून वर्गणीची आणि सेवाशुल्काची पावती पुस्तकं पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा.

शंभर छोटे, तीस मधले आणि दहा मोठे सभासद मिळाले तर ६ लाख ८० हजार येतात. तपासणी आणि शिबिरांच्या शुल्कातून अजून ७० हजार. साडेसात लाखांवर हिशेब थांबतो आणि साडेतीन लाखांची तूट राहते. ही तूट अनुदानावर ठेवू नका. जिल्ह्यापुरतं पहिलं वर्ष चालवा: अर्धवेळ सचिव महिना १२ हजारांवर, कार्यालय एखाद्या मिलच्या कोपऱ्यात, प्रवास ४० हजार, लेखापरीक्षण ४० हजार, बारा नमुने, एक शिबिर, २० हजारांत सभा. नोंदणी, किरकोळ खर्च आणि राखीव धरून चार लाखांच्या घरात जातं. साठ छोटे, पंधरा मधले आणि चार मोठे सभासद जमले तर वर्गणीचेच ३ लाख १० हजार येतात. दुसऱ्या वर्षी रायगड आणि सोलापूर, तिसऱ्या वर्षी राज्याबाहेर.

आणखी एका गोष्टीवर पैसे वाचवायला जाऊ नका: भावाचा विषय निघाला तर आधी वकिलाला विचारा. सभेत 'यापुढे कोणी अमुक रुपयांखाली विकायचं नाही' असा ठराव झाला तर तो स्पर्धा कायदा २००२ खाली कार्टेल ठरतो. २०१२ मध्ये स्पर्धा आयोगाने सिमेंट कंपन्यांना ६,००० कोटींहून जास्त दंड लावला, आणि त्यांच्या संघटनेलाही वेगळा. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण ठरावाचं इतिवृत्त हाच पुरावा होतो हे ध्यानात ठेवा. भावाचा विषय अजेंड्यावर घेऊच नका. तपासणीचे आकडे सगळ्यांना द्या, भाव ज्याचा त्याने ठरवावा.

आता भट्टीवरच्या माणसांचं. रायगड-ठाण्यातल्या कातकरी कुटुंबांना उचल देऊन हंगामभर भट्टीवर बांधून ठेवल्याची प्रकरणं अनेकदा उघडकीस आली आहेत. वेठबिगारी १९७६ पासून कायद्याने बंद आहे, तरी उचल फिटत नाही आणि हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो. ज्या संघटनेचा सभासद असं करतो तिने परदेशी ग्राहकाला आणि सरकारला काही मागूच नये. सभासदत्वाच्या अर्जातच अट घाला: उचलीचा आणि मजुरीचा कागद मजुराकडे, त्याच्या भाषेत, त्याच्या अंगठ्यासह. तपासणीसाठी सचिवाने वर्षातून एकदा न सांगता भट्टीवर जावं. प्रवासखर्चात ते बसतं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या माणसाला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण आहे. बँक खात्यातून रक्कम कापली जाते; संघटनेने खातं उघडून द्यावं आणि २० रुपये भरून द्यावेत. तीनशे मजुरांचे ६ हजार होतात. ई-श्रम नोंदणी मोफत आहे, तीही त्याच दिवशी उरका. विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणून ही कामं मे महिन्यात, पावसाआधी भट्ट्या बंद होण्याच्या सुमारास, मजूर घरी परतण्याआधी करा.

वर्गणी मात्र जानेवारीत गोळा करा. तोपर्यंत धान विकलं गेलेलं असतं, मिल चालू असतात आणि भट्ट्यांचाही हंगाम ऐन भरात असतो. एप्रिलमध्ये नोटीस काढली तर निम्मे सभासद लग्नसराईत असतात आणि उरलेले तेंदूपानांवर. वार्षिक सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत लागते. ती पोळ्यानंतर ठेवा, आणि हिशेबाचा कागद महिनाभर आधी प्रत्येक सभासदाला, छोट्यालाही, मराठीत पाठवा.