बॅरिकेडची जागा आणि पाण्याचा घोट

आवडता बँड अगदी समोरून बघायचा, मध्ये फक्त लोखंडी बॅरिकेड, ही ओढ मला पुरेपूर समजते. १९९४ साली 'डूकी' आला तेव्हा मी शाळेत होते आणि ग्रीन डेच्या त्या अल्बममधली ड्रमची प्रत्येक थाप मला पाठ होती. ज्यांना इतकी वर्षं फक्त कानांनी ओळखलं, ती माणसं डोळ्यांसमोर येऊन उभी राहतात तेव्हा काय होतं, हे ज्याने अनुभवलं त्यालाच कळेल. त्यामुळे रॉक फेस्टिव्हलला जाऊ नका, असं सांगणाऱ्यांतली मी नाही. जरूर जा. पण दुपारच्या उन्हात त्या बॅरिकेडपाशी शरीराचं काय होतं, ते आधी नीट समजून घ्या.

मार्च २०२५मध्ये लोलापालूझाच्या निमित्ताने ग्रीन डे पहिल्यांदाच भारतात येणार, तेही आपल्या महालक्ष्मी रेसकोर्सवर, हे कळल्याबरोबर मी आणि माझ्या भाचीने तिकिटं काढली. त्यांचा 'अमेरिकन इडियट' अल्बम तिच्या जन्माआधीचा, पण माझ्याकडून घेतलेली ही आवड तिने माझ्यापेक्षा पुढे नेली आहे. या फेस्टिव्हलची भारतातली पहिली दोन वर्षं जानेवारीच्या शेवटी झाली होती. या खेपेला तारखा होत्या ८ आणि ९ मार्च. मुंबईत या पाच-सहा आठवड्यांत हवा पार पालटते. जानेवारीतली दुपार निभावते, मार्चमध्ये सकाळी अकरालाच ऊन टोचायला लागतं.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, जिचा चाहते सहसा विचार करत नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्या मैदानावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर वाजवता येत नाही. वर्षातल्या मोजक्या दिवसांनाच सूट मिळते. दहाला आवाज बंद करायचा आणि दिवसभरात एवढे कलाकार बसवायचे, तर कार्यक्रम दुपारीच सुरू करावा लागतो. मुख्य बँड येणार रात्री, पण पहिली रांग हवी असलेला चाहता गेट उघडल्यापासून जागा धरून उभा. म्हणजे दिवसातलं सगळ्यात वाईट ऊन नेमकं सगळ्यात जिवाभावाच्या श्रोत्याच्या डोक्यावर येतं. उशिरा येणारे, मागे गवतावर बसणारे, मधूनच खायला जाणारे लोक त्यातून वाचतात.

आम्ही बॅरिकेडला चिकटून होतो. पाचच्या सुमारास मी भाचीला काहीतरी विचारलं. ती वळलीच नाही. बॅरिकेडवर ठेवलेल्या तिच्या हातांवर काटा आला होता, तेवढ्या उन्हात. कपाळावर घाम, ओठ पांढरट. म्हणाली, "मावशी, थंडी वाजतेय गं." मी तिचा दंड धरला तर तो ओलसर आणि गार लागला. मागे उभ्या असलेल्या एका मुलाने, ओळख ना पाळख, "आंटी, हिला आत्ता बाहेर काढा" म्हणत तिच्या काखेत हात घातले. पलीकडच्या सुरक्षारक्षकाने तिला बॅरिकेडवरून उचलून घेतलं. वैद्यकीय मदतीच्या तंबूत तिला आडवं केलं, पाय बॅगेवर ठेवले, मानेवर ओली फडकी ठेवली. डॉक्टरांनी तिला दोनच प्रश्न विचारले. शेवटचं पाणी कधी प्यायलीस? आणि लघवीला शेवटचं कधी गेलीस? दोन्हींचं उत्तर एकच होतं: सकाळी, घरी.

बाटली आमच्याजवळ होती. भाची ती तोंडाला लावत होती आणि घोट न घेता खाली ठेवत होती, हे मला नंतर कळलं. तिचं गणित सरळ होतं: पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागणार, बाथरूमला गेलं की जागा गेली.

या गणितावर मला जरा थांबायचं आहे, कारण खरा धोका इथेच आहे. एसटीचा लांबचा प्रवास असो, शाळेतला दिवस असो, परगावचं लग्न असो, आपल्याकडच्या मुली लहानपणापासून हेच करत आल्या आहेत. स्वच्छतागृह चांगलं मिळेल याची खात्री नाही, मग पाणीच प्यायचं नाही. ही सवय इतकी मुरलेली असते की ती सवय आहे हेही लक्षात येत नाही. घरच्या सावलीत त्याने डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते आणि निभावतं. पण उन्हात पाच-सहा तास उभं राहून, गर्दीत घामाने निथळत असताना हीच सवय माणसाला आडवं करते. म्हणून मुलींना आणि त्यांच्या आयांना माझं कळकळीचं सांगणं आहे, जागा गेली तर जाऊ दे. तिघी-चौघी मिळून जा, आळीपाळीने बाहेर पडा, शेजारच्यांना सांगून जा. बॅरिकेडवरची माणसं बहुतेक तुमच्यासारखीच वेडी असतात. ज्यांच्याशी दुपारभर गप्पा झाल्या, ते परत येताना वाट देतात. तुम्हाला फारसा न आवडणारा बँड वाजत असेल ती वेळ यासाठी ठरवून ठेवा.

आता शरीराचं. घाम येतो म्हणून आपण गार होतो असं नाही. घाम वाळतो तेव्हा तो उष्णता घेऊन जातो. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता गळतो. म्हणून तर हवामान खातं उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागासाठी ४० अंशांची पायरी धरतं आणि किनारपट्टीसाठी ३७ची. गर्दीत तर चहूबाजूंनी माणसं खेटलेली, वाऱ्याला शिरायला फट नाही, आणि प्रत्येक शरीर स्वतःची उष्णता बाहेर टाकत असतं. त्यातच बराच वेळ एका जागी ताठ उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, मेंदूकडे कमी जातं आणि माणूस कोसळतो. गुडघे ताठ ठेवू नका. पोटऱ्या आवळत-सोडत राहा, टाचा उचला, जागच्या जागी पावलं बदला.

भाचीला झाला तो उन्हाचा थकवा, उष्माघाताच्या आधीची पायरी. चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे, आणि हो, कडक उन्हात अंगावर काटा येणं, थंडी वाजणं. यातलं एक जरी जाणवलं तरी गाणं संपायची वाट न बघता सावलीत जायचं. खरा उष्माघात म्हणजे शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जाणं आणि डोक्यावर परिणाम होणं. माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या देतो, चिडतो, फिट येऊ शकते, शुद्ध हरपते. अंग कोरडंच असलं पाहिजे असं नाही, घाम चालू असतानाही उष्माघात होतो. मित्राला चढली आहे असं समजून लोक त्याला बाजूला बसवून ठेवतात, आणि तेवढ्यात वेळ हातची जाते. अशा वेळी वैद्यकीय पथकाला ओरडून बोलवा, १०८ला फोन करा, आणि मदत येईपर्यंत त्याला गार करत राहा. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, बर्फ मिळाला तर मानेवर, काखेत आणि जांघेत ठेवा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

तयारी आदल्या दिवशी सुरू होते. रात्री नीट जेवा, झोपा, सकाळपासून थोडं थोडं पाणी प्या. मैदानात नुसतं पाणी भसाभसा पिण्यापेक्षा ओआरएसची पुडी बरी, कारण घामाबरोबर मीठही जातं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उपाशीपोटी जाऊ नका. बिअर हे उन्हावरचं पेय नाही, तिच्यामुळे लघवीवाटे पाणी आणखी जातं आणि चक्कर येतेय की चढलीय हे स्वतःलाही कळत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेत असाल किंवा मानसिक आजारावरची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला. यातली काही औषधं उन्हात त्रास वाढवतात. बँडचा काळा टी-शर्ट मलाही प्रिय आहे. तो बॅगेत ठेवा आणि ऊन उतरल्यावर घाला. दुपारी सैल, फिक्या रंगाचा सुती सदरा, टोपी आणि भिजवून मानेवर टाकायला पंचा. बाटली आत नेऊ देतात का, पाणी भरून घ्यायची सोय कुठे आहे, हे तिकिटाबरोबरच्या सूचनांत असतं. ते घरीच वाचा.

दुसरा धोका गर्दीचा, आणि तो अचानक येतो. ३० जून २००० रोजी डेन्मार्कच्या रोस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम वाजवत असताना मंचासमोर नऊ तरुण गेले. ५ नोव्हेंबर २०२१ला ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोवर्ल्डमध्ये दहा जण. अशा ठिकाणी लोक तुडवले गेल्याने मरतात अशी समजूत आहे. प्रत्यक्षात अनेक जण उभ्याउभ्याच गुदमरतात, कारण छातीवर चहूबाजूंनी इतका दाब येतो की श्वास आत घ्यायला बरगड्या हलत नाहीत. एका चौरस मीटरमध्ये पाचाहून जास्त माणसं झाली की धोका सुरू होतो, आणि त्यापुढे गर्दी पाण्यासारखी वाहू लागते, कुणाच्या इच्छेला काही अर्थ उरत नाही. तुमच्या दोन्ही खांद्यांना अनोळखी खांदे सतत टेकलेले असतील आणि हात वर नेऊन चेहरा पुसता येत नसेल, तर तेव्हाच निघा. लोट आलाच तर हात छातीसमोर मुठीत धरा, एक पाय पुढे ठेवा, उलट दिशेने ढकलू नका. लोट ओसरला की तिरकं तिरकं कडेला सरका. ओरडून श्वास घालवू नका. फोन पडला तर पडू दे, वाकू नका. कोणी पडलं तर सगळ्यांनी मिळून आधी त्याला उभं करायचं, हा मॉश पिटचा, म्हणजे मंचासमोर एकमेकांना धडका देत नाचणाऱ्या घोळक्याचा, जुना नियम आहे आणि तो पाळणारी पोरं मी पाहिली आहेत.

त्या संध्याकाळी भाची तासाभरात सावरली. उठून बसल्यावर तिने विचारलं, "सुरू झाले का?" आम्ही ग्रीन डे ऐकले ते मैदानाच्या मध्यावर, साउंड कन्सोलच्या मागे उभं राहून. तिथे हात पसरायला जागा होती, वारा होता. शिवाय ध्वनिमिश्रण करणारा माणूस त्याच जागी बसून आवाज जुळवत असतो, म्हणून मैदानातला सगळ्यात नीट आवाज तिथेच मिळतो. बॅरिकेडपाशी बास छातीत घुमतो, पण शब्द आणि गिटार एकमेकांत मिसळून जातात. कानांत इअरप्लग मात्र तिथेही हवेत. १०० डेसिबलच्या आवाजात कान सुरक्षित राहण्याची मुदत पंधरा मिनिटांची मानली जाते.

सगळी जबाबदारी चाहत्यांवर टाकून चालणार नाही. १९९९च्या वुडस्टॉकमध्ये जुन्या हवाई तळाच्या तापलेल्या डांबरावर लाखो लोक उभे होते आणि पाण्याची बाटली चार डॉलरला विकली जात होती. तिथे गर्दीत कोसळलेला एक २४ वर्षांचा तरुण उष्णतेने गेला. नोव्हेंबर २०२३मध्ये रिओत टेलर स्विफ्टच्या कार्यक्रमात २३ वर्षांची एक चाहती गेली, आणि त्यानंतर ब्राझील सरकारने प्रेक्षकांना पाण्याची बाटली आत नेऊ देण्याचा आदेश काढला. आपल्याला तर इतकं लांब जायलाही नको. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा ऐन दुपारी झाला आणि आपल्या गुरूंचा सन्मान बघायला आलेल्या १४ श्रीसेवकांनी उष्माघाताने प्राण गमावले. तेही श्रद्धेने आले होते. मोफत पाणी, सावलीचे मंडप, पुरेशी आणि स्वच्छ स्वच्छतागृहं, बॅरिकेडच्या आतून पाणी वाटणारी माणसं, या गोष्टी तिकिटाच्या पैशात मिळायलाच हव्यात. नसतील तर तिथल्या तिथे आवाज उठवा आणि लेखी तक्रार करा.

आत शिरल्याबरोबर वैद्यकीय तंबू आणि बाहेर पडायचे रस्ते बघून ठेवा. हजारो लोक एकत्र आले की फोन लागत नाहीत, तेव्हा चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा. शेवटच्या गाण्यानंतर सगळ्यांबरोबर गेटकडे धावू नका, वीस मिनिटं थांबा, महालक्ष्मीहून लोकल त्यानंतरही मिळते. आणि मैदानात उभे असताना दर थोड्या वेळाने शेजारच्याशी बोला, मग तो ओळखीचा असो वा नसो. तो उत्तर द्यायचा थांबला, तर तुमचं कितीही आवडतं गाणं चालू असलं तरी ते सोडा आणि त्याला आधी सावलीत न्या.