३.४ अज्ञानाचे पालकत्व : हक्क आणि मर्यादा

सातबारा उताऱ्यावर एखाद्या मुलाच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ ही अक्षरे तुम्ही पाहिली असतील. खातेदार अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील असून त्याच्या वतीने पालनकर्ता व्यवहार पाहतो, असा त्यांचा अर्थ. हा पालनकर्ता मालक नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्या.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ नुसार, विवाहसंबंधातून जन्मलेल्या अज्ञानाचा नैसर्गिक पालक पिता आणि ‘त्याच्यानंतर’ माता होय. या शब्दामुळे पिता हयात असताना मातेची सही पुरेशी मानली जात नसे. मुलाच्या नावे रोखे घेताना हाच अनुभव आल्यावर लेखिका गीता हरिहरन यांनी दाद मागितली. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘त्याच्यानंतर’ म्हणजे ‘त्याच्या अनुपस्थितीत’ असा अर्थ लावला. पिता मुलाबाबत पूर्णतः उदासीन असेल, तर त्याच्या हयातीतही माता पालक ठरते. मात्र कलमातील शब्द तेच राहिले आहेत.

कलम ८ नैसर्गिक पालकाच्या अधिकारास मर्यादा घालते. न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून अज्ञानाची स्वतंत्र स्थावर मिळकत त्यास विकता वा गहाण ठेवता येत नाही. तसे केल्यास अज्ञानाच्या मागणीवरून तो व्यवहार रद्द होऊ शकतो. कलम १३ नुसार पालक नेमताना अज्ञानाचे कल्याण हाच सर्वोच्च निकष असतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न
१. ‘त्याच्यानंतर’ या शब्दाच्या दोन अर्थांतील फरक स्पष्ट करा.
२. मुलाच्या शिक्षणासाठी त्याच्या स्वतंत्र मालकीची जमीन विकू इच्छिणाऱ्या विधवा मातेने प्रथम काय करावे? सकारण लिहा.